मदत हवी आहे : मोटर बंद केली की विमान तरंगतच नाही, पंखाचा ड्रॅग कसा कमी करू?

सहाव्या_सेमचा_बळी
नमस्कार मंडळी. प्रोजेक्टसाठी आरसी (रिमोटवर चालणारं) विमान बनवलंय, फोटो जोडलाय. मोटर चालू असताना झकास उडतं, बंद केली की तरंगायचं नाव नाही. एक्सएफएलआर५ या सॉफ्टवेअरमध्ये पंखाचं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर (उचल भागिले हवेचा विरोध) १५ येतंय, मैदानावर त्याच्या निम्मंही नाही. म्हणजे पंखाचा ड्रॅग जास्त आहे हे उघड आहे. विंगलेट (पंखाच्या टोकाला वर वळलेली पाती) लावू की एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) बदलू? शुक्रवारी गाइडना दाखवायचंय. प्लीज थिअरी नको, ती पाठ आहे. काय करू तेवढं सांगा.

गणिती_मांजर
स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी)? कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी)? वजन? वेग? एअरफॉइल? यातलं काहीच न सांगता 'काय करू' म्हणजे पत्रिका न देता मुहूर्त विचारण्यातला प्रकार झाला.

काका_हडपसर
बाळा, आधी पंख घास. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००. आमच्याकडे ग्लायडिंग सेंटरला उड्डाणाआधी पंखाची पुढची कड पुसून घेतात, चिलटं चिकटलेली असली तरी फरक पडतो. आजकालची पोरं सॉफ्टवेअर उघडतात, पण पंखावरून हात फिरवत नाहीत.

घिरट्या
विंगलेट लाव, डोळे झाकून. एअरबसने ए३२० ला शार्कलेट, म्हणजे विंगलेटच, लावले आणि लांबच्या उड्डाणात ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं म्हणतात. ते काय येडे आहेत?

फोमकाप्या
@घिरट्या येडे नाहीत, त्यांना जागेची अडचण आहे. त्या वर्गाच्या विमानाचा स्पॅन ३६ मीटरच्या आत हवा, नाहीतर विमानतळावर त्या मापाच्या जागेत उभं करता येत नाही. शार्कलेटसकट ए३२० भरतं ३५.८. बाजूला वाढता येईना म्हणून वर वाढले. बोइंगने ७७७एक्सला तर पंखाची टोकंच दुमडती केली. याच्या कॉलेजच्या मैदानावर कसलं गेट आलंय? तेवढाच फोम सरळ बाजूला वाढवला तर इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्ट निर्माण करताना होणारा) जास्त कमी होतो.

घिरट्या
आणि स्पॅन वाढवला की स्पार (पंखातला आडवा दांडा) वाकतो, ते कोण बघणार?

सहाव्या_सेमचा_बळी
घ्या माहिती. स्पॅन १.२ मीटर, कॉर्ड २० सेंमी, सरळ आयताकृती. एअरफॉइल क्लार्क वाय. वजन बॅटरीसकट ९०० ग्रॅम. जीपीएस लॉगरवर वेग सेकंदाला १० मीटर. ३० मीटर उंचीवर मोटर बंद केली तर १८० मीटर पुढे जाऊन टेकतं. पहाटेची वेळ, वारा नव्हता. आता तरी सांगा.

कायदा_आधी
९०० ग्रॅम म्हणजे २५० ग्रॅमच्या वर, मायक्रो गटात येतं. २०२१ चे ड्रोन नियम वाचलेत का? लोहगाव विमानतळ जवळ असेल तर हवाई क्षेत्राचा नकाशा बघा. नंतर पोलीस आले की ड्रॅग कुणी विचारत नाही.

सहाव्या_सेमचा_बळी
@कायदा_आधी परवानगीचं कॉलेज बघतं. मी ड्रॅग विचारलाय.

गणिती_मांजर
आता बोलता येईल. पुण्याच्या उंचीवर पहाटेच्या हवेची घनता १.१२ धरली. पंखाचं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर, म्हणून सीएल (लिफ्टचा गुणांक) साधारण ०.६६. इंड्यूस्ड ड्रॅगचा गुणांक म्हणजे सीएलचा वर्ग भागिले (पाय × अॅस्पेक्ट रेशो × ई). रेशो (स्पॅन भागिले कॉर्ड) ६, ई (पंखाची कार्यक्षमता) ०.८५ घेतला तर ०.०२७ येतो.

मोटर बंद असताना पुढे गेलेलं अंतर भागिले उंची हेच लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर. ३० मीटरला १८० म्हणजे तुझं ६. म्हणजे एकूण ड्रॅग गुणांक ०.६६ भागिले ६, अर्थात ०.११. तुझ्याच सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला तर त्यात पंखाचा वाटा ०.०४४. उरलेला ०.०६६ कोणाचा?

फोमकाप्या म्हणतो तसा स्पॅन १.५ मीटर केला, क्षेत्रफळ तेवढंच ठेवून, तर इंड्यूस्ड ०.०१७ वर येईल. एकुणात ६ चं जेमतेम ६.६ होईल. वर कॉर्ड १६ सेंमी झाल्याने रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि कॉर्डवर ठरणारा प्रवाहाचा आकडा) सव्वा लाखावरून लाखाच्या आसपास घसरेल, तो तोटा वेगळाच.

@काका_हडपसर, तुमच्या ग्लायडरचा रेनॉल्ड्स दहा लाखांच्या वर असतो. सव्वा लाखाला भीती वेगळी असते. पंखावरचा लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा) प्रवाह मध्येच सुटतो, हवेचा फुगा धरतो आणि ड्रॅग वाढतो. तिथे फुग्याच्या जरा पुढे नागमोडी टेपची पट्टी लावून प्रवाह मुद्दाम टर्ब्युलंट (घुसळलेला) केला तर फायदा होऊ शकतो. नुसतं गुळगुळीत करून भागत नाही.

काका_हडपसर
म्हणजे खडबडीत केलं की ड्रॅग कमी? चाळीस वर्षं उलटंच शिकलो वाटतं आम्ही.

गणिती_मांजर
काका, तुमच्याच आधुनिक ग्लायडरच्या पंखाखाली ती नागमोडी टेप असते, पुढच्या वेळी वाकून बघा. सरसकट खडबडीत नव्हे, ठरावीक जागी एकच पट्टी. पुढची कड गुळगुळीत हवी हे तुमचं बरोबरच आहे.

फोमकाप्या
अरे बळी, चाकं आहेत का विमानाला? आणि प्रॉप (मोटरवरचा पंखा) कसला? मोटर बंद केल्यावर प्रॉप थांबतो की फिरत राहतो?

सहाव्या_सेमचा_बळी
चाकं आहेत, तारेची, अडीच इंची. प्रॉप साधा १० बाय ४.७ इंची. फिरत राहतो, वाऱ्याने फिरणारच ना. पण माझ्या रिपोर्टचा विषय पंख आहे, प्रॉप नाही. विंगलेटचं कुणी नीट सांगेल का?

फोमकाप्या
मग हे आधी सांगायचं! वाऱ्याने गरागरा फिरणारा प्रॉप विमानाची ऊर्जा खातो, थांबलेल्यापेक्षा जास्त. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक ऑन कर. बहुतेकांत थ्रॉटल पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडली की प्रोग्रामिंगच्या बीप सुरू होतात, ब्रेकचा पर्याय आला की स्टिक खाली. आधी प्रॉप काढून ठेव, बोटं महाग असतात. जमलं तर दुमडता प्रॉप घे, पण तोही ब्रेकशिवाय दुमडत नाही. चाकं काढ, हातातून फेक, गवतावर पोटावर उतरव. पंखावर काही करायचंच असेल तर एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) बिजागरीची फट खालून टेपने बंद कर. त्या फटीतून खालची हवा वर जाते. फोटोत मला पलीकडचा उजेड दिसतोय.

घिरट्या
माझं विंगलेटचं मत कायम आहे.

अंडाकृती
स्पिटफायरसारखा लंबवर्तुळाकार पंख कर. इंड्यूस्ड ड्रॅगसाठी त्यापेक्षा चांगला आकार नाही.

फोमकाप्या
शुक्रवारपर्यंत? गरम तारेने लंबवर्तुळ कापून दाखवा, मी चहा पाजतो.

सहाव्या_सेमचा_बळी
ब्रेक ऑन केला, फट बंद केली. तीच उंची, तोच वेग, सकाळी २४० मीटरपर्यंत गेलं. चाकं काढता येत नाहीत, गाइडना नीट लँडिंग बघायचंय. नागमोडी टेप कॉर्डच्या किती टक्क्यांवर लावू? आणि रिपोर्टमध्ये प्रॉपचं लिहू का, विषयात बसत नाही.

गणिती_मांजर
म्हणजे ६ चं ८ झालं. पंखाच्या आकाराला हात न लावता. लिही की, पंखाचा ड्रॅग मोजायचा तर बाकीचा आधी वेगळा काढावा लागतो, हाच तुझा पहिला तक्ता. पण फट आणि ब्रेक एकदम बदललेस, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते कळणार नाही. एकदा फटीवरची टेप काढून उडव. टेपसाठी एक्सएफएलआर५ मध्ये तुझ्या रेनॉल्ड्सला दाबाचा आलेख काढ, वरच्या पृष्ठावर जिथे सपाट पठार दिसेल तिथे फुगा. पट्टी त्याच्या जरा पुढे. टक्केवारी मी अंदाजाने सांगणार नाही.

काका_हडपसर
टेप लावायच्या आधी घासून घे हो. नाहीतर चिकटणार नाही.

नवा_पंख
फोम किती जाडीचा वापरलाय? बोहरी आळीत ५ मिमी कुणाकडेच मिळत नाहीये.