जिभेला आवर घातला, पण मनाचे काय करावे?

प्रश्न

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. काही दिवसांपूर्वी मी आमच्या प्रार्थनागटात एका बहिणीच्या घरातील अडचण ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडली. तिने ती मला विश्वासाने सांगितली होती आणि मी तिची परवानगी घेतली नव्हती. आठवडाभरात ती गोष्ट फिरून तिच्याच कानावर गेली. तिने मला एवढेच विचारले, “तू प्रार्थना केलीस की बातमी दिलीस?” तेव्हापासून मी फार जपून बोलते, परंतु तोंड मिटले तरी मन गप्प बसत नाही. उपासनेत बसलेली असतानाही कोण कसे वागले, कोणाचे काय चुकले, याचा हिशेब आत चालूच असतो. असे विचार येणे हेच पाप आहे का? आणि ते थांबवायचे कसे?

पहिले उत्तर

ताई, विचार मनात येणे आणि त्याला बसायला आसन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभू येशूचीही परीक्षा झाली. म्हणजे मोहाची सूचना त्याच्यापुढेही आली, परंतु त्याने ती स्वीकारली नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे संन्यासी इव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) यांनी माणसाला छळणारे आठ प्रकारचे विचार सांगितले आहेत, त्यांत क्रोध, पोकळ मानाची हाव आणि गर्वही येतात. हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, मात्र ते रेंगाळतील की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विचाराला बायबलमधील वचनाने उत्तर द्यावे, असेही ते शिकवत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ४थ्या अध्यायात प्रभूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आहेत, हे या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा.

माझ्यापुरते सांगायचे तर, एखाद्याविषयी कडू विचार आला की मी त्याच क्षणी त्या व्यक्तीचे नाव घेऊन तिच्यासाठी आशीर्वाद मागतो. सुरुवातीला हे ओठांवरचे वाटते, आणि अनेकदा ते तसेच असते. तरीही हिशेब मांडणे आणि आशीर्वाद मागणे ही दोन्ही कामे मनाला एकाच वेळी फार काळ करता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘मी जिभेला आवर घातला’ या समजुतीविषयी सावध करावेसे वाटते. याकोबाने आपल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात घोड्याचा लगाम, तारवाचे लहानसे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे दाखले दिले आहेत आणि शेवटी जिभेला कोणीही माणूस वश करू शकत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच स्तोत्र १४१ मधील भक्त आपल्या मुखावर पहारा ठेवण्याची विनंती परमेश्वराला करतो. तो पहारा आपण स्वतः ठेवू अशी प्रतिज्ञा करत नाही. शिवाय प्रभूच्या शिकवणीप्रमाणे अंतःकरणात जे भरलेले असते तेच मुखावाटे बाहेर पडते (मत्तय १२:३४). तेव्हा मनातील हिशेब हा बोलण्याहून वेगळा आजार नव्हे, तर त्याचेच मूळ आहे. ते आता उघडे पडले असेल, तर ही देवाची कृपाच मानावी.

तिसरे उत्तर

मनाविषयी पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्या बहिणीचे काय? तुम्ही तिच्याकडे गेलात का? वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). ‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य मात्र तेथे उच्चारू नका, कारण त्या वाक्याने क्षमा मागण्याऐवजी स्वतःचा बचाव होतो. तसेच गटात ज्यांनी ती गोष्ट तुमच्याकडून ऐकली, त्यांनाही ‘ती सांगण्याचा मला अधिकार नव्हता’ असे सांगावे लागेल. हे अधिक कठीण आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मी तिच्याकडे अजून गेलेली नाही. संदेश पाठवून क्षमा मागितली होती आणि त्यात हेतूचे ते वाक्यही लिहिले होते. उद्या प्रत्यक्ष जाणार आहे. गटापुढे बोलण्याआधी तिला विचारेन, कारण त्या निमित्ताने तिची गोष्ट पुन्हा निघावी की नाही हे तिनेच ठरवायला हवे.