शब्दचर्चा : सीमाशुल्क दरसूचीतील ‘नॉव्हेल्टी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आयात मालाच्या वर्गीकरणाविषयी एक मराठी टिपण तयार करताना ‘नॉव्हेल्टी’ या शब्दापाशी अडलो आहे. कोशांत ‘नावीन्य’, ‘नूतनता’, ‘अपूर्वता’ असे पर्याय मिळतात. परंतु शिंकेची पूड, पाण्याची चिळकांडी उडवणारे कोटावरचे फूल, खोटे नाक आणि डायनासोरच्या आकाराचा पेला असा माल एकाच खोक्यातून आलेला असताना त्यावर ‘नावीन्यपूर्ण वस्तू’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला एखाद्या नव्या शोधाचा भास होईल. दरसूचीच्या शीर्ष (म्हणजे चार अंकी नोंद) 9505 मध्ये ‘नॉव्हेल्टी जोक्स’ असा शब्दप्रयोग आहे आणि व्यापारी तर अशा सगळ्याच मालाला सरसकट नॉव्हेल्टी म्हणतात. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द चालेल काय?

उत्तर

एकच शब्द चालणार नाही, कारण मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापाऱ्यांची नॉव्हेल्टी ही मालाची एक ढोबळ जात आहे, तर दरसूचीतील नॉव्हेल्टी हा एका विशिष्ट शब्दसमूहाचा अर्धा भाग आहे. व्यापारी अर्थासाठी ‘नवलवस्तू’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘नवल’ हा शब्द ‘नव’शी नाते सांगत असला तरी मराठीत त्याचा अर्थ केव्हाच आश्चर्याकडे सरकला आहे, आणि या मालात वस्तू नवी असण्यापेक्षा पाहणाऱ्याने ‘अरेच्चा’ म्हणणे अधिक महत्त्वाचे असते. (नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही शिंकेची पूड शिंक आणतेच.)

मात्र ‘नवलवस्तू’ म्हटल्याने वर्गीकरण ठरत नाही, हे टिपणात स्पष्ट लिहावे. 1983 साली ब्रुसेल्स येथे झालेल्या आणि 1 जानेवारी 1988 पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारातून मालाची जी सुसंगत वर्गीकरण पद्धती (‘हार्मोनाइज्ड सिस्टम’) आली, तिच्यात नवलवस्तूंसाठी स्वतंत्र घर नाही. डायनासोरच्या आकाराचा पेला हा शेवटी पेलाच असल्यामुळे, तो चिनी मातीचा असेल तर 6911 मध्ये जातो. पिस्तुलाच्या आकाराचा लायटर 9613 मध्ये जातो. कवटीच्या आकाराची मेणबत्ती 3406 मध्येच राहते, कारण खेळणी व करमणुकीच्या वस्तूंच्या 95व्या प्रकरणाच्या (9505 याच प्रकरणात आहे) टिपेनेच मेणबत्त्या त्या प्रकरणाबाहेर ठेवल्या आहेत. खोट्या दाढीचे उदाहरण तर याहून बोलके आहे : मानवी केसांची नीट बेतलेली दाढी 6704 मध्ये आणि सोंगापुरती लावायची दाढी 9505 मध्ये. दोन्ही खोट्याच, पण एक खरेपणाचा आव आणते आणि दुसरी आणत नाही.

आता ‘नॉव्हेल्टी जोक्स’. येथे ‘विनोद’ हा शब्द कटाक्षाने टाळावा. इंग्रजीत ‘जोक’ म्हणजे सांगायचा किस्साही आणि खिशात ठेवायची वस्तूही. मराठीत विनोद सांगितला किंवा केला जातो, तो खोक्यात भरून आयात होत नाही. त्याच शीर्षातील ‘कॉन्ज्युअरिंग ट्रिक्स’चीही हीच अडचण आहे. ‘हातचलाखी’ हे कौशल्याचे नाव असल्याने ‘जादूच्या प्रयोगांचे साहित्य’ असे लिहिल्याशिवाय ती करपात्र वस्तू होत नाही. कराराची फ्रेंच संहिता इंग्रजीइतकीच अधिकृत आहे आणि तिने ही दोन्ही कोडी आधीच सोडवली आहेत : तेथे जादूच्या ‘वस्तू’ आणि आश्चर्याच्या ‘वस्तू’ अशीच शब्दयोजना आहे. विनोदाचा तिथे मागमूसही नाही. मराठीत मी ‘फजितीच्या वस्तू’ असे सुचवीन, कारण शिंकेची पूड असो वा चिळकांडीचे फूल, समोरच्याची घटकाभर फजिती करणे हेच त्यांचे काम असते.

जाता जाता आपल्या टिपणातील आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधतो. या पद्धतीचा अर्थ लावण्याच्या सहा सर्वसाधारण नियमांपैकी पहिला नियम सांगतो की विभाग आणि प्रकरणे यांची नावे केवळ संदर्भाच्या सोयीसाठी आहेत आणि वर्गीकरण हे चार अंकी नोंदींच्या शब्दांनुसार व संबंधित टिपांनुसार करायचे आहे. ‘टायटल’ आणि ‘हेडिंग’ या दोन्हींसाठी ‘शीर्षक’ हा एकच शब्द वापरला, तर ‘शीर्षके केवळ सोयीसाठी आहेत आणि वर्गीकरण शीर्षकांनुसार करावे’ असे हास्यास्पद वाक्य तयार होते. आपण नोंदीसाठी ‘शीर्ष’ वापरला आहे, तो तसाच ठेवून नावासाठी ‘मथळा’ घ्यावा. तसेच तिसऱ्या नियमातील ‘इसेन्शियल कॅरेक्टर’चे भाषांतर ‘आवश्यक गुणधर्म’ असे करू नये. मराठीत आवश्यक म्हणजे लागणारे, नसल्यास अडणारे. येथे अभिप्रेत आहे ते वस्तूला ती वस्तू बनवणारे ‘सारभूत लक्षण’. खेळणे जोडलेली लेखणी ही लेखणी की खेळणे, हा प्रश्न त्या लक्षणावर सोडवायचा असतो, आणि तेही सापडले नाही तर जी शीर्षे सारखीच लागू पडतात त्यांतील अंकक्रमाने शेवटचे घ्यायचे असते.

शब्दावर पैसा कसा अवलंबून असतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. चित्रकथांतील महाबली पात्रांच्या मूर्ती ‘बाहुल्या’ की ‘खेळणी’ हा वाद तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयापुढे गेला. बाहुलीवर 12 टक्के आणि खेळण्यावर 6.8 टक्के शुल्क होते. बाहुली म्हणजे मानवाची प्रतिकृती, आणि ही पात्रे पूर्णतः मानव नव्हेत, म्हणून 2003 मध्ये ती खेळणी ठरली. पुढे सुसंगत वर्गीकरण पद्धतीच्या 2007 च्या आवृत्तीत बाहुल्यांचे वेगळे शीर्षच 9503 मध्ये विलीन झाले.

प्रतिसाद

‘नवलवस्तू’, ‘मथळा’ आणि ‘सारभूत लक्षण’ हे तिन्ही मान्य, परंतु ‘फजिती’ला माझी हरकत आहे. वर्गीकरण पद्धतीच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत ‘नॉव्हेल्टी जोक्स’च्याच गटाखाली ‘जपानी फुले’ही दिलेली आहेत. पाण्यात टाकताच उमलणाऱ्या कागदी फुलाने कोणाची फजिती होते? पाहणारा थक्क होतो, एवढेच. शिवाय ‘फजितीच्या वस्तू’ असे आयातपत्रात वाचले, तर फजिती आयातदाराची झाली असाही अर्थ कोणी काढील. मला ‘चकव्याच्या वस्तू’ अधिक बरे वाटते : शिंकेची पूड चकवते, आतून भलतेच निघणारी मिठाई चकवते आणि जपानी फूलही चकवतेच. रात्री वाट चुकवणारा चकवा काहींना आठवेल, पण संदर्भात तो अर्थ टिकणार नाही.

प्रश्नकर्ता

जपानी फुलांचा मुद्दा निर्णायक आहे, ‘फजिती’ मागे घेणे भाग आहे. शीर्षाचा मसुदा आता असा करतो : ‘सणासमारंभाच्या, कार्निव्हलच्या किंवा करमणुकीच्या अन्य वस्तू, जादूच्या प्रयोगांचे साहित्य व चकव्याच्या वस्तू यांसह’. ‘कार्निव्हल’ला ‘जत्रा’ असे जाणीवपूर्वक म्हटलेले नाही. जत्रा देवाची असते, आणि या शीर्षात मुखवटे, खोटे कान व कागदी टोप्या यांना जे स्थान आहे ते सोंगांमुळे आहे, देवामुळे नव्हे.