गोळी आधी, आवाज मागाहून : नागपूरकर खेळाडूंचे अनुभव

चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तयार केलेला ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा लष्करी खेळ जून २००१ मध्ये आला आणि त्याच्याच वंशात पुढे ‘आर्मा’, ‘आर्मा २’, ‘आर्मा ३’ आणि ‘आर्मा रिफॉर्जर’ हे खेळ निघाले. नागपुरात ते नेमाने खेळणारे मोजकेच असले, तरी त्यांतले बरेच जण इतक्या वर्षांनंतरही खेळत आहेत. म्हणून ओळखीच्यांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना मी एकच प्रश्न विचारला : हा खेळ तुम्हाला कसा सापडला, आणि तो आपला वाटू लागला तो नेमका कशामुळे? ज्यांनी लिहून पाठवले त्यांचे लेखन त्यांच्या वस्तीच्या नावाखाली जवळजवळ जसेच्या तसे देत आहे. आरंभ माझ्यापासून करतो.

महाल

माझ्या मामेभावाने पुण्याहून येताना ‘फ्लॅशपॉइंट’ची सीडी आणली होती. त्याआधी मी खेळलेल्या गोळीबाराच्या खेळांत कितीही गोळ्या लागल्या, तरी नायक वाटेतली औषधपेटी उचलून पुन्हा धावू लागे. इथे खेळातल्या एव्हरॉन बेटावरच्या एका गवताळ उतारावरून आमची तुकडी चालली असताना शेजारचा शिपाई कोसळला आणि बंदुकीचा आवाज त्यानंतर कानी आला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते, हे शाळेत शिकलो होतो. पण हे गणित कोणीतरी एका खेळात इतक्या निष्ठेने बसवले आहे, हे उमगले तेव्हाच मी या खेळाचा झालो.

ऐकणे हे पाहण्याइतकेच महत्त्वाचे असल्यामुळे खोलीत शांतता लागे. खिडकीत कूलर घरघरत असताना दूरचा रणगाडा कोणत्या दिशेने येतो आहे हे कळत नसे, म्हणून मी भर मे महिन्यात कूलर बंद करून खेळत असे. नागपूरच्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. शिवाय या खेळात एका मोहिमेत एकदाच सेव्ह करता येत असे. भारनियमनाच्या त्या दिवसांत ती एकमेव संधी केव्हा वापरायची, हे शत्रूच्या हालचालीइतकेच वीज जाण्याच्या वेळेवरही अवलंबून होते.

तरीही माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली मोहीम गोळीबाराची नाही. १९८५ सालात घडणाऱ्या खेळाच्या कथेतला डेव्हिड आर्मस्ट्राँग हा साधा शिपाई मोंटिन्याक गावावरचा हल्ला फसल्यानंतर एकटा उरतो आणि शत्रूने भरलेल्या जंगलातून त्याला वाट काढावी लागते. तिथे कोणाला मारून काहीच साधत नाही. नजरेस न पडणे एवढेच साधायचे असते. दिसेल त्याला टिपणारा नायक होण्याऐवजी झुडपाआड पडून राहून पावलांचे आवाज दूर जाण्याची वाट पाहणारा माणूस होण्याचा अनुभव मला त्याआधी कोणत्याही खेळाने दिला नव्हता.

कामठी

माझे वडील गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झाले आणि आम्ही कामठीतच स्थायिक झालो. ‘आर्मा २’ हा खेळ धाकट्या भावाने आणला. मी त्याच्या मागे बसून पाहत असे आणि कालांतराने आमच्यात संगणकासाठी पाळ्या लागू लागल्या. कठीण पातळीवर खेळताना नकाशावर आपली जागा दाखवणारी खूण नसते. चेर्नारुस हा खेळातला सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा प्रदेश चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर बोहेमियातील खऱ्या डोंगराळ भूभागावरून घडवलेला आहे, आणि त्यात आम्ही दोघे संध्याकाळभर हरवलेले असायचो.

एके दिवशी बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. “टॉवर कुठे दिसतो? त्याचा कोन घे. आता त्या किल्ल्याचा घे,” असे म्हणत त्यांनी आम्हाला कागदावर रीत दाखवली : दोन ठळक खुणांचे कोन कंपासवर पाहायचे, प्रत्येकात १८० मिळवायचे किंवा त्यातून वजा करायचे, आणि त्या खुणांपासून उलट रेषा काढायच्या, रेषा जिथे छेदतात तिथे आपण असतो. खेळात ते अचूक जुळले. नोकरीतल्या गोष्टी बाबा घरी क्वचितच बोलत, पण त्या दिवसापासून ते आमच्या खेळावर गंभीरपणे टीका करू लागले : दोघांत इतके कमी अंतर का, कड्यावर उभे राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्वतःची आकृती का दाखवता, पुढे जाणाऱ्याला आडोसा कोण देतो आहे? हा खेळ मला आवडला याचे खरे कारण, त्याने वडिलांच्या कामाची भाषा आमच्या घरात आणली, हे आहे. भाऊ आता बंगळुरूला असतो. रविवारी आम्ही दोघे एकत्र खेळतो, आणि “ताई, अंतर ठेव” हे वाक्य अजून ऐकू येते.

हिंगणा रोड

मी खेळणारा कमी आणि रचणारा अधिक. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात एका वरिष्ठाने मला ‘फ्लॅशपॉइंट’चे मिशन एडिटर, म्हणजे स्वतःच्या मोहिमा रचण्याचे साधन, उघडून दाखवले. नकाशावर एक तुकडी ठेवा, तिला वेपॉइंट (जायची ठिकाणे) द्या, एक ट्रिगर (ठरलेली अट पुरी झाली की घटना घडवणारी कळ) लावा, आणि क्षणात त्या प्रसंगात स्वतः उतरून पाहा. प्रोग्रॅमिंगच्या तासाला जे शिकून कंटाळा येई, तेच इथे शत्रूच्या गस्तीने माझ्या मागावर यावे म्हणून मी रात्ररात्र लिहीत बसे.

पुढे ‘आर्मा ३’मध्ये मी सीताबर्डीच्या लढाईचा अभ्यास म्हणून एक मिशन रचले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याने सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवरील इंग्रज फौजेशी लढाई केली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी धाकटी टेकडी जिंकली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली, पण पुढे इंग्रजांनी ती परत घेतली. खेळातली शस्त्रे आधुनिक आहेत, ‘आर्मा ३’चे अल्टिस हे बेट तर ग्रीसच्या लेम्नोसवरून बेतलेले आहे, आणि त्या काळच्या लढाईची नक्कल त्यावर होणार नाही, हे उघड आहे. मला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की शेजारच्या दोन असमान उंचवट्यांपैकी धाकटा हातातून गेला, तर थोरल्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते आणि काय वाटते. मिशनमध्ये त्या जागी उभे राहिलो तेव्हा धाकटी टेकडी इतकी जवळ वाटली, की लपायला जागाच उरत नव्हती. बर्डीवरून रोज जाणाऱ्या मला किल्ल्याकडे पाहण्याची वेगळी दृष्टी या खेळाने दिली, आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे.

नंदनवन

माझे लेखन लहानच राहील. मी या खेळाकडे विमानांसाठी आलो आणि पायदळासाठी राहिलो. हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर ते उडून जाते, धूळ खाली बसते आणि आपल्याला पुढचे दोन किलोमीटर चालायचे असतात. मला त्या चालण्याचीच ओढ लागली.

मानेवाडा

मी सर्वांत उशिरा आलेल्यांपैकी आहे आणि उलट्या वाटेने आलो. आमची सगळी मित्रमंडळी मोबाइलवर पबजी खेळत असे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्या रिकाम्या दिवसांत हा खेळ मुळात आला कुठून, हे मी शोधत गेलो. न्यूझीलंडच्या लष्करात काम केलेल्या डीन हॉल यांनी २०१२ मध्ये ‘आर्मा २’साठी ‘डेझी’ हा मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करणारी जोड, केला, ज्यात मृतांनी भरलेल्या चेर्नारुसमध्ये अन्न, पाणी आणि उबेसाठी झगडावे लागते. त्या मॉडवरून आयरिश ब्रेंडन ग्रीन यांनी बॅटल रॉयलचा, म्हणजे शेवटी एकच जण उरेपर्यंत लढण्याचा, प्रकार रचला, तो पुढे ‘आर्मा ३’मध्ये नेला आणि २०१७ मध्ये त्याच कल्पनेवर पबजी उभा राहिला.

म्हणजे माझ्या आवडत्या खेळाची आजी सापडली होती. मोठ्या भावाच्या संगणकावर मी ‘आर्मा ३’ चालवला. पहिल्या संध्याकाळी वेग फार मंद वाटला : धावल्यावर दम लागून नेम थरथरतो, गोळी अंतराप्रमाणे खाली उतरते, आणि लढाई सुरू होण्याआधी बराच वेळ केवळ तयारीत जातो. माझ्या बहुतेक मित्रांनी तिथेच सोडले. मला मात्र आवडले ते असे, की इथे मेल्यावर आपण का मेलो याचे उत्तर जवळपास नेहमी मिळते, आणि ते उत्तर बोटांच्या चपळाईत नसून दहा मिनिटांपूर्वी निवडलेल्या वाटेत असते.

मेडिकल चौक

मेडिकलला शिकत असताना सहाध्यायांनी मला ‘आर्मा ३’च्या गटात घेतले आणि अपेक्षेप्रमाणे वैद्यकीय शिपायाचे काम दिले. ‘एस’ नावाचा मॉड लावला, की जखमेची जागा, रक्तस्राव, नाडी आणि रक्तदाब यांचा हिशेब सुरू होतो. टूर्निके (रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा) कोणत्या अवयवाला बांधायचे, मॉर्फिन किती द्यायचे, आधी कोणाकडे धावायचे, हे ठरवावे लागते. प्रत्यक्ष उपचारांच्या मानाने हे फार सोपे केलेले आहे, आणि खेळातून वैद्यक शिकता येत नाही. परंतु चार जण एकाच वेळी हाका मारत असताना जो गप्प आहे त्याच्याकडे प्रथम जायचे, ही सवय माझ्या हातांना तिथेही लागली.

२०१७ मधील ‘लॉज ऑफ वॉर’ या जोडखेळाने मला कायमचे बांधून ठेवले. त्यात आपण भूसुरुंग काढणाऱ्या मानवतावादी संस्थेचे कार्यकर्ते असतो आणि लढाई संपल्यावर एका उद्ध्वस्त गावात काय उरते ते पाहत फिरतो. त्या वर्षीच्या विक्रीतून आलेल्या निव्वळ उत्पन्नाचा निम्मा भाग कंपनीने रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला दिला. युद्धाच्या खेळाने युद्धाच्या नियमांना एवढी जागा द्यावी, याचा मला मनापासून आदर वाटतो.

सदर

मी शाळेत शिकवते आणि हा खेळ मला माझ्या मुलामुळे ठाऊक झाला. त्याचे दुसरे अंग आज सांगणे मला अधिक निकडीचे वाटते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर विमाने पाडली जात असल्याचे व्हिडिओ फिरत होते, आणि त्यांतले काही ‘आर्मा ३’मधले होते. याआधी युक्रेन युद्धाच्या काळातही हेच घडले होते; नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमिया कंपनीने स्वतः निवेदन काढून असे व्हिडिओ कसे ओळखावेत हे सांगितले : चित्र अस्पष्ट असते, कॅमेरा हलत असतो, प्रसंग बहुधा रात्रीचा असतो, आवाज नसतो किंवा विचित्र असतो, आणि हालचाल करणारी माणसे सहसा दिसत नाहीत.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलाने एडिटरमध्ये तसेच एक दृश्य रचून दिले आणि ते मी वर्गात दाखवले. प्रथम ते अंधुक करून दाखवले, तेव्हा बहुतेकांनी खरे मानले. मग तेच दृश्य दिवसाच्या उजेडात, पूर्ण स्पष्टतेने दाखवले. मुलांनी धुराचे लोट, धुळीचा रंग, विमानाच्या पंखांची हालचाल यांवर तासभर चर्चा केली. आता आठवीतल्या दोन मुली माझ्या मुलाकडून एडिटर शिकत आहेत. त्यांना पूरग्रस्त गावातून माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचे मिशन करायचे आहे, आणि सध्या त्या पाण्यात अडकलेल्यांना छतावर कसे चढवायचे यावर अडल्या आहेत. या लेखनातील कोणाला ते जमले असेल, तर त्यांनी जरूर कळवावे.