कुड्याचं पाळ: आजीचा कुडा नेमका कोणता?

आजोळ_लांजा: लांज्याजवळ आमच्या आजोळी परड्याच्या टोकाला दोन झाडं आहेत. वाडीतले दोन्हींना कुडाच म्हणतात. दोन्हींचा चीक पांढरा, पानं समोरासमोर, फुलं पांढरी. लहानपणी पोट बिघडलं की आजी सहाणेवर ताकात कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून चाटवायची. ती कडू चव संध्याकाळपर्यंत जिभेच्या मुळाशी राहायची. आता आजी नाही आणि घरात झाड दाखवणारंही कुणी उरलं नाही. पाळ यातल्या कुठल्या झाडाचं? सध्या दोन्हींवर सुक्या शेंगा आहेत.

कातळफूल: शेंगा आहेत ना, मग काम सोपं. दोन्हींच्या शेंगा जोडीनेच लोंबतात, पण पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाला सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या हिरवेपणी टोकाशी चिकटलेल्या असतात, वाळल्यावरच सुटतात. म्हणून सुक्या शेंगांवर भिस्त ठेवू नका, एक फोडून आतलं बी चावून बघा आणि थुंकून टाका. कडूजहर लागलं तर पांढरा कुडा, तेच कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचं बी कडू नसतं, त्याला गोडे इंद्रजव म्हणतात. फुलं आली की आणखी एक खूण: काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालर असते, पांढऱ्याच्या फुलात नसते.

आजीचा तो पांढराच. शास्त्रीय नाव होलऱ्हेना प्युबेसेन्स. जुन्या नावात तर 'अँटिडिसेंटेरिका' असंच होतं, म्हणजे आवेवरचं. आयुर्वेदातला कुटज तो हाच, कुटजारिष्ट याच्याच सालीचं. पावसाळ्यात आम्ही याच्या कोवळ्या शेंगा उकडून, पाणी टाकून भाजी करतो. कडवटपणा राहतोच, आणि मला तो हवाच असतो.

एक कळकळीची विनंती. पाळ हवं म्हणून बुंध्याशी खणू नका आणि साल गोलाकार सोलू नका. असं सोललेलं झाड उभ्या उभ्या वाळतं, आमच्या वाडीत मी ते पाहिलंय. बाजूचं बोटभर मूळ घ्या आणि माती परत नीट दाबा.

वैद्यकन्या: वरच्या खुणा बरोबर आहेत. पण शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा रुग्ण लहान मूल वा गरोदर बाई असेल, तर उगाळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि काळा कुडाही तोडू नका. त्याची पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळं होतं. तमिळनाडूत तिथल्या सिद्ध वैद्यकाचे वैद्य ते सोरायसिसवर लावायला देतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणीही परंपरेने त्याच्याच लाकडाची.

आजोळ_लांजा: आज जाऊन आलो. विहिरीकडच्या झाडाचं बी चावलं आणि थेट आजीची सहाण आठवली. तेच झाड. पाळ नाही काढलं. दहाबारा शेंगा पिशवीत घालून आणल्यात, पावसाच्या तोंडावर बी रुजत घालतो.