पहिली आरसी गाडी: आधी बॅटरी समजून घ्या

भाच्यासाठी पहिलीच आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी ब्रशलेस (ब्रश नसलेल्या, जास्त वेगवान मोटरची) घेऊ का, असं इथे एकाने विचारलंय. (भाचा निमित्तमात्र, आम्ही ओळखलं!) माझं मत: नको. १/१० स्केलची (खऱ्या गाडीच्या एक दशांश), ५४० साइझची साधी ब्रश मोटर असलेली गाडी घ्या. ती कमी पळते, म्हणून धडकली तरी कमी मोडते. घेण्याआधी एवढंच बघा, की सस्पेन्शन आर्म आणि गिअर सुटे मिळतात का. मिळत नसतील तर ते खेळणंच.

बॅटरीबद्दल इथे उत्तर देणारं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेणार असाल तर २एस, म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टची, पुरे. एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि ३ च्या खाली गेला की कामातून जातो. त्यामुळे ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लायपो कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय, चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. मी नाही तपासलं. दुसऱ्याच रविवारी बॅटरी पापडासारखी फुगली, आणि घरी जे ऐकावं लागलं ते वेगळंच. चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा, आणि चार्जिंग लावून झोपायचं नाही. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. एवढी उस्तवार नको असेल तर निमएच (निकेल-मेटल हायड्राइड) बॅटरी घ्या, खुशाल.

कनेक्टर, सोल्डर, हीटश्रिंक (गरम केली की वायरवर आवळणारी नळी) पुण्यात तापकीर गल्लीत मिळून जातं. चालवायला मात्र तळजाई टेकडीची वाट नको, सकाळी फिरायला आलेले आजोबा काठी उगारतात. सोसायटीचं रिकामं पार्किंग बरं.