गच्चीतले टोमॅटो फ्रीजरमध्ये टिकतात का?

गच्चीवाली, मुलुंड:
यंदा ८ कुंड्यांना इतके टोमॅटो लागलेत की शेजारीपाजारी वाटूनही चारेक किलो उरलेत आणि आता उन्हाळा लागला की झाडं बसणार. फ्रीज करू का? आधी उकळायचे का?

पालेभाजी:
उकळायची काही गरज नाही गं. धुवून एकदम कोरडे पुस, देठाचा कडक भाग काढ, ताटात सुटे सुटे रात्रभर गोठव आणि मग पिशवीत भर, हवा काढून, म्हणजे गोळा होत नाही, लागतील तेवढे दोनच काढता येतात. काढल्यावर नळाखाली धर, साल बोटाने सरकन निघते, मला तर तेच फार आवडतं!

दादरकर:
कोशिंबिरीला मात्र नका घेऊ. आतल्या पाण्याचा बर्फ होऊन गर फाटतो, मग लिबलिबीत होतात. सार, रस्सा मस्त.

चाळकरीण:
प्युरी करत असाल तर डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुगते. माझा एकदारी फ्रीज आहे, वरचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही, म्हणून मी महिनाभरात संपवते.

गच्चीवाली:
थँक्यू सगळ्यांना, पहिलं ताट आत्ताच आत ठेवलं.