अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले: गोळ्या घ्याव्यात की कानात इंजेक्शन? संशोधन नेमके काय सांगते?

कोपरीकर ताई

नमस्कार. माझा थोरला भाऊ 54 वर्षांचा आहे. आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो आणि तो रोज ट्रान्सहार्बर लोकलने रबाळ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. मागच्या गुरुवारी सकाळी उठल्यावर त्याच्या उजव्या कानाला दडे बसल्यासारखे झाले. फोन त्या कानाला लावला तर समोरचा माणूस बोलतो आहे हेच त्याला कळेना, आणि कानात सतत गुंई असा आवाज सुरू झाला. मळ साठला असेल असे वाटून आम्ही कोमट तेल घातले, मग जवळच्या दवाखान्यातून थेंब आणले आणि त्यात पाच दिवस गेले. त्याची आता फार हळहळ वाटते.

सहाव्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, डाव्या कानाचा आकडा 20 डेसिबल आणि उजव्याचा 70 डेसिबल आला (आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी). अंतःकर्णातील किंवा श्रवणतंत्रिकेतील दोषामुळे अचानक आलेला हा बहिरेपणा असून कारण बहुतेकदा सापडत नाही, असे त्यांनी सांगितले आणि दोन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या. दादाला दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तीन महिन्यांची सरासरी साखर 8.6 आहे, म्हणून आम्ही वाशीला दुसरे मत घेतले. तिथे सांगितले की गोळ्यांऐवजी तेच औषध पडद्यातून कानाच्या आत इंजेक्शनने द्यावे.

दोन्ही डॉक्टर संशोधनाचाच हवाला देतात, मग दोघांचे सल्ले वेगळे कसे? ज्यांना या विषयातील संशोधनाची माहिती आहे त्यांनी कृपया समजावून सांगावे. आज आठवा दिवस आहे.

नेरुळची श्रवणतज्ज्ञ

ताई, सर्वप्रथम एक विनंती. या धाग्यावर किती उत्तरे येतात याची वाट पाहू नका. आज किंवा उद्या सकाळी दोघांपैकी एका डॉक्टरांकडे जाऊन उपचार सुरू करा. या आजारात स्टेरॉइड द्यायचे तर पहिल्या दोन आठवड्यांत द्यावे, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शक सूचना सांगते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ तुमचा सरला आहे.

तेलाबद्दल आणि थेंबांबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका. आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण याच वाटेने आलेले असतात, कारण मळ अडकला तरी दडे बसतात आणि अंतःकर्ण बिघडले तरी दडेच बसतात. रुग्णाला दोन्ही सारखेच वाटते. फरक कळतो तो नादकाट्याच्या साध्या चाचणीने आणि ऑडिओग्रामने. सलग तीन स्वरवारंवारितांवर 72 तासांच्या आत किमान 30 डेसिबलची घट, अशी या आजाराची संशोधनात वापरली जाणारी व्याख्या आहे. दादांचे दोन कान 50 डेसिबलने वेगळे आहेत. घरातले साधे बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते हे लक्षात घेतले, तर फोनवरचा माणूस त्यांना का ऐकू आला नाही ते कळेल.

हा ऑडिओग्राम जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चाचणीची तुलना याच कागदाशी होणार आहे. शिवाय कारखान्यात आवाज असेल तर डाव्या, म्हणजे चांगल्या कानासाठी, इअरप्लगची व्यवस्था आजपासूनच करा.

घणसोलीचा रहिवासी

मला दोन वर्षांपूर्वी हाच त्रास डाव्या कानात झाला होता. माझी चार इंजेक्शने झाली. ऐकताना भीती वाटते, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. तुम्हाला कुशीवर झोपवतात, आजारी कान वर असतो. पडद्याचा एक भाग औषधाने बधिर करतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत अतिशय बारीक सुईने औषध पडद्यामागे सोडतात. क्षणभर जळजळ होते आणि डोके गरगरते, कारण तोल सांभाळणारे इंद्रियही तिथेच असते. त्यानंतर अर्धा तास तसेच पडून राहायचे, बोलायचे नाही आणि शक्यतो आवंढा गिळायचा नाही, नाहीतर औषध घशाकडच्या नळीतून निघून जाते. मला तो अर्धा तास सुईपेक्षा जड गेला. सोबत कोणीतरी असू द्या, चक्करेमुळे लगेच लोकलमध्ये चढता येत नाही.

माझे ऐकणे बऱ्याच अंशी परत आले. त्यामुळे मी तरी इंजेक्शनच घ्या असे सांगेन.

कानाचा डॉक्टर, ठाणे पश्चिम

मी ठाण्यात वीस वर्षांपासून कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो. दादांना तपासल्याशिवाय कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. परंतु दोन डॉक्टरांचे सल्ले वेगळे का, या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

घणसोलीच्या मित्रांचे ऐकणे परतले याचा मनापासून आनंद आहे. पण इथेच या आजारावरील संशोधनाची खरी अडचण आहे. या आजारात काहीही उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकीही साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जण आपोआप, काही अंशी किंवा पूर्ण बरे होतात. त्यामुळे एखाद्याने इंजेक्शन घेतले, गोळ्या घेतल्या किंवा नुसते तेल घातले आणि तो बरा झाला, तर त्या उपायानेच बरे वाटले हे त्या एका रुग्णावरून कोणालाच सांगता येत नाही, त्याला बरे करणाऱ्या डॉक्टरलाही नाही. म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही आवडीनिवडीवर न सोडता रुग्णांचे गट पाडून तुलना करावी लागते.

स्टेरॉइडचा प्रघात मुख्यतः 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासामुळे पडला. त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 61 टक्के आणि औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी 32 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता, या दोन गटांत मिळून शंभर रुग्णसुद्धा नव्हते. नंतरच्या लहान अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. तरीही गमावलेला कान परत मिळण्याची शक्यता पुढ्यात असताना रुग्णाला औषधच न देणे डॉक्टरांना जड जाते, आणि त्यामुळे औषधविरहित गटाशी मोठी तुलना पुढे फारशी झालीच नाही. ही उणीव आजही भरून निघालेली नाही.

आता तुमचा नेमका प्रश्न. गोळ्या आणि इंजेक्शन यांची सर्वांत मोठी थेट तुलना अमेरिकेतील 16 केंद्रांत झाली आणि 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यात एका कानाचा ऑडिओग्रामचा आकडा किमान 50 डेसिबल असलेले आणि त्रास सुरू होऊन 14 दिवसांच्या आत आलेले 250 रुग्ण होते. एका गटाला प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या रोज 60 मिलिग्रॅम 14 दिवस, आणि मग पाच दिवस कमी करत नेत, दिले. दुसऱ्या गटाला दोन आठवड्यांत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची चार इंजेक्शने कानात दिली. दोन महिन्यांनंतर गोळ्यांच्या गटाचे ऐकणे सरासरी 30.7 डेसिबलने सुधारले होते आणि इंजेक्शनच्या गटाचे 28.7 डेसिबलने. दोहोंतील अंतर 2 डेसिबल, जे रोजच्या ऐकण्यात जाणवतही नाही.

हा अभ्यास वाचताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे त्याची मांडणी. इंजेक्शन श्रेष्ठ आहे का, हे त्यात शोधलेले नव्हते. ते गोळ्यांपेक्षा फारसे कमी पडत नाही ना, एवढेच तपासायचे होते, आणि 10 डेसिबलपर्यंतचे अंतर चालेल अशी मर्यादा आधीच ठरवली होती. दुसरी गोष्ट म्हणजे औषध न दिलेला तिसरा गट नव्हता, त्यामुळे 30 डेसिबलच्या सुधारणेपैकी औषधाची किती आणि निसर्गाची किती, हे त्यातून कळत नाही. 2022 सालच्या कॉक्रेन परीक्षणात (कॉक्रेन ही उपचारांवरील अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) कानातल्या स्टेरॉइड इंजेक्शनावरील 30 अभ्यासांचा एकत्र विचार झाला. पहिला उपचार म्हणून कानातले इंजेक्शन गोळ्यांच्या तुलनेत जवळपास सारखेच ठरते, मात्र पहिल्या उपचाराचा उपयोग न झाल्यास नंतर दिलेल्या इंजेक्शनचा फायदा होऊ शकतो, असा त्याचा कल आहे.

म्हणजे तुमच्या दोन डॉक्टरांत मतभेद आहे असे मला वाटत नाही. कानाच्या दृष्टीने दोन वाटा सरासरीत सारख्या असल्या, की निवड शरीराच्या बाकीच्या स्थितीवर येते. स्टेरॉइडच्या गोळ्या रक्तातील साखर बरीच वाढवतात, झोप उडवतात, रक्तदाब वाढवू शकतात. इंजेक्शनात औषध बहुतांशी कानातच राहते, मात्र दुखते, चक्कर येते, चार वेळा यावे लागते आणि थोड्या रुग्णांत पडद्याला बारीक छिद्र राहून जाते. सरासरी साखर 8.6 असलेल्या माणसासाठी वाशीच्या डॉक्टरांचे म्हणणे मला समजते. पहिल्या डॉक्टरांनी साखरेवर रोज लक्ष ठेवून गोळ्या द्यायचे ठरवले असेल तर तेही चुकीचे नाही. त्यांना मधुमेह असल्याचे तुम्ही सांगितले होते का, एवढे आठवून पाहा.

कोपरीकर ताई

डॉक्टरसाहेब, इतके सविस्तर आणि आमच्यासारख्यांना समजेल असे लिहिल्याबद्दल ऋणी आहे. खरे सांगायचे तर पहिल्या भेटीत घाबरलेल्या अवस्थेत मधुमेहाचा उल्लेख राहून गेला. आज सकाळी त्यांना दूरध्वनी करून सांगितले, तेव्हा त्यांनीही इंजेक्शनच बरे असे म्हटले.

आता घरात नवा विषय निघाला आहे. आमचे मामा म्हणतात की साध्या औषधाने काही होणार नाही, दवाखान्यात दाखल करून मोठ्या ताकदीचे स्टेरॉइड सलाईनमधून द्या. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांना ऑक्सिजनच्या पेटीत बसवून बरे केले, असेही ते सांगतात. मामांनी आयुष्यभर आमच्यासाठी धावपळ केली आहे, त्यामुळे त्यांना नुसते नाही म्हणणे आम्हाला कठीण जाते.

कानाचा डॉक्टर, ठाणे पश्चिम

मामांची तळमळ मी समजू शकतो. त्यांना जो प्रश्न पडला तोच जर्मनीतील संशोधकांनाही पडला होता, कारण तिथे मोठी मात्रा देण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. त्यांनी 39 केंद्रांत 325 रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला पाच दिवस रोज 250 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन शिरेतून, दुसऱ्याला पाच दिवस रोज 40 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या अधिक तीव्र स्टेरॉइडच्या गोळ्या (हीदेखील मोठी मात्राच), आणि तिसऱ्याला नेहमीची 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनची गोळी पाच दिवस व नंतर कमी करत नेत. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला आणि उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. 30 दिवसांनंतर शिरेतून मोठी मात्रा घेतलेल्यांची सुधारणा सरासरी 34.2 डेसिबल, डेक्सामेथासोनच्या गटाची 41.4, आणि नेहमीच्या मात्रेच्या गटाची 41.0 डेसिबल होती. मोठ्या मात्रेने अधिक लाभ झाला नाही, दुष्परिणाम मात्र अधिक झाले. एका वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या जानेवारीच्या अंकात हे निष्कर्ष आले आणि मी स्वतः त्यानंतर रुग्णांच्या नातेवाइकांचा मोठ्या मात्रेचा आग्रह निःशंकपणे नाकारू लागलो. मधुमेही माणसाला तर शिरेतून अशी मात्रा देणे मला धोक्याचे वाटते. मामांना हे तीन आकडे कागदावर लिहून दाखवा.

ऑक्सिजनच्या उपचाराला, म्हणजे जास्त दाबाच्या पेटीत ऑक्सिजन देण्याला, वर आलेल्या 2019 च्या अमेरिकी सूचनेत स्थान आहे, पण स्टेरॉइडच्या जोडीने, ऐच्छिक म्हणून, आणि पहिल्या दोन आठवड्यांत. त्याचा खर्च मोठा असतो आणि पुरावा मर्यादित आहे. त्यासाठी इंजेक्शन लांबणीवर टाकू नका. याच सूचनेप्रमाणे विषाणूविरोधी औषधे आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे सरसकट देऊ नयेत. आपल्याकडे ती अजूनही अनेक चिठ्ठ्यांवर दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

एक गोष्ट मात्र टाळू नका. कानाच्या तंत्रिकेचा एमआरआय करून घ्या. क्वचित एखाद्या रुग्णात त्या तंत्रिकेवरची सौम्य गाठ अशाच प्रकारे प्रथम लक्षात येते, आणि ऐकणे सुधारले तरी ती शक्यता मिटत नाही.

नेरुळची श्रवणतज्ज्ञ

थोडी भर घालते. उपचार संपल्यावर एकदा आणि पुढे सहा महिन्यांच्या आत पुन्हा ऑडिओग्राम करायचा असतो. त्यात शब्द ओळखण्याची चाचणीही मराठी शब्दांवर करून घ्या, कारण नुसता स्वर ऐकू येणे आणि शब्द समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणे अपुरेच परतले तर एका कानाच्या बहिरेपणासाठी वेगळ्या प्रकारची श्रवणयंत्रे मिळतात, ज्यांत आजारी बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवला जातो. वांद्रे रेक्लमेशन येथे श्रवणदोषासाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही त्यासाठी मार्गदर्शन मिळते. रस्ता ओलांडताना आवाज कोणत्या दिशेने आला हे दादांना सध्या कळणार नाही, त्यामुळे घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी त्यांना एकटे जाऊ देऊ नका.

कोपरीकर ताई

सर्वांना कळवते. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे नवव्या दिवशी, पहिले इंजेक्शन झाले आणि काल दुसरे. घणसोलीच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे तो अर्धा तास कठीण गेला, पण आधी ठाऊक असल्यामुळे दादा शांत पडून राहिला. साखर रोज मोजतो आहोत, फारशी वाढलेली नाही. एमआरआयची तारीख सोमवारची मिळाली आहे. मामांना जर्मनीचे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, 34 आणि 41 वर बोट ठेवून थोडा वेळ बसले, आणि मग इंजेक्शनला सोबत मी येतो म्हणाले. काल तेच आले होते.

कालच्या ऑडिओग्राममध्ये उजवा कान 70 वरून 55 डेसिबलवर आला आहे. हे इंजेक्शनाने झाले की आपोआप, ते कळणार नाही हे आता ठाऊक आहे, तरी आईने तो कागद देवापुढे ठेवला. गुंई आवाज अजून तसाच आहे आणि रात्री त्याला झोप लागत नाही. त्यावर काही करता येते का, हे कोणी सांगू शकेल का?

नेरुळची श्रवणतज्ज्ञ

ताई, खोली अगदी निःशब्द ठेवू नका. पंखा किंवा मंद आवाजातले आकाशवाणीचे कार्यक्रम चालू ठेवले की तो आवाज मागे पडतो, आणि दादांना डाव्या कुशीवर न झोपवता उताणे झोपायला सांगा, म्हणजे चांगला कान उघडा राहील. चारही इंजेक्शने झाल्यावर आवाज कायम असेल तर त्यासाठी समुपदेशन आणि ध्वनीचा वापर करून वेगळे उपचार असतात. त्याबद्दल चौथ्या इंजेक्शनानंतरचा ऑडिओग्राम हाती आला की इथे लिहा.